थूल मॅडमची खदान

थूल मॅडम मुकुटबनच्या आमच्या साइट ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा मे महिना होता. पत्र्याच्या छपराखाली कूलर नुसताच गरम वारा फेकत होता आणि आम्ही सगळे शर्टाची बटणं उघडी टाकून मठ्ठ्याची वाट पाहत बसलो होतो. मॅडम जीपमधून उतरल्या. घोट्याच्या वर येणारे जाड बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट बांधलेलं उपरणं. पन्नाशी ओलांडलेली सडपातळ, सावळी बाई. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात कोरा चहा ओतला आणि वाफ निघत असलेला तो चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला. मग म्हणाल्या, "चला, जागा दाखवा."

"आत्ता?" मी घड्याळाकडे पाहिलं. दुपारचं ऊन अगदी टाळूवर होतं.

"खदान काय संध्याकाळीच खोदणार आहोत का आपण?"

गाडी चालवणारे रशीदभाई वणीचे. जन्म मेकॅनिकच्या घरात झालेला, त्यामुळे गाडीबद्दल आणि माणसाबद्दल त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "राठोडभाऊ, ये बाई अपनेको बहुत चलायेगी."

मी त्या कंपनीत सर्व्हेअर होतो. मूळ महागावचा, तांड्यावरचा. आमच्या कंपनीला मुकुटबनच्या बाजूला चुनखडीची खदान सुरू करायची होती आणि तिचा आराखडा करायला मॅडमना आणलं होतं. त्या यायच्या आधीच त्यांची कीर्ती आली होती. पृथ्वीच्या पार उत्तरेला, जिथे वर्षातले सहा-सात महिने बर्फच असतो, तिथल्या हिऱ्याच्या खदानीवर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. हिऱ्याची खदान म्हटल्यावर आमच्यापैकी प्रत्येकानं मनात एक बाई रंगवली होती, तिच्या दहाही बोटांत अंगठ्या होत्या. प्रत्यक्षात मॅडमच्या अंगावर मनगटावरच्या घड्याळाशिवाय काही नव्हतं.

पुढे एकदा कामासाठी त्यांच्या कळंबच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या आईनं हाच विषय काढला. म्हातारी नव्वदीला टेकलेली, पण जीभ तरतरीत. "पाहून राह्यले ना भाऊ? पोरगी हिऱ्याच्या खदानीत, अन् नाकात साधी चमकी नाई. लोकाईले सांगू तं कोणी खरं नाई मानत."

"आई, खदान काय माह्या बापाची होती का?" मॅडम आतून ओरडल्या.

"तुह्या बापाची असती तं तुनं त्यालेही हात लावू देला नसता," म्हातारी म्हणाली.

तिथल्या सवयी मात्र मॅडमच्या अंगात मुरल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात बैठकीत मॅडमच्या हातून पेन पडला. त्या वाकल्या नाहीत. दोन्ही हात किंचित वर करून एक पाऊल मागे सरल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "राठोड, पेन पडला." मी उचलून दिला. असं दोन-तीनदा झालं. ऑफिसात लगेच बोलणं सुरू झालं की बाई मोठी साहेबीण आहे, खाली पडलेला पेनसुद्धा उचलत नाही. शेवटी रशीदभाईंनी गाडीत सरळ विचारलंच.

मॅडम आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "अरे बाप्पा, सवय आहे ती. तिथं प्लांटमध्ये काही पडलं तर वाकायचं नाही. रुमाल पडो नाही तर चष्मा पडो. हात वर करून उभं राहायचं, पहारेकरी येऊन उचलून देणार. वाकला म्हणजे खडा उचलला, असंच धरतात."

"और कोई चुकून वाकला तो?"

"तर पुढच्या विमानानं घरी. किती वर्षं झाली, पण अजून पाठ वाकत नाही. तुम्ही लोक मनाले लावून घेऊ नका."

दुसरी सवय खिडकीची. गाडीत बसल्या बसल्या त्या आपल्या बाजूची काच बोटभर खाली करत आणि गाडी थांबेपर्यंत ती तशीच ठेवत. मे महिन्यात, मुकुटबनच्या धुळीत. रशीदभाईंचा एसी वाया जाई, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होत. पण बर्फाच्या रस्त्याची गोष्ट ऐकली आणि आम्ही काचेबद्दल बोलणं सोडून दिलं.

त्या मुलुखात रस्ता नाही. नुसती तळीच तळी. हिवाळ्यात तळी गोठली की त्यांच्यावरून रस्ता आखतात आणि थोडे आठवडे त्यावरून ट्रक धावतात. वर्षभराचं डिझेल, लोखंड, सिमेंट, यंत्रं, जे न्यायचं ते तेवढ्यात न्यायचं. रस्ता वितळला की खदान जगापासून तुटली. ट्रक बैलगाडीच्या चालीनं चालवायचा, कारण वजनानं बर्फाखालचं पाणी दबतं, त्याची लाट ट्रकच्या पुढे पुढे धावते आणि घाई केली तर तीच लाट काठाजवळचा बर्फ फोडते. आणि काच नेहमी थोडी उघडी. बर्फ फुटून ट्रक पाण्यात गेला तर दार उघडत नाही, खिडकीतूनच निसटायचं.

"पूरा टाइम कडकड आवाज येतो काय, मॅडम?" रशीदभाईंनी विचारलं.

"येतो ना. आवाज आला की बरं वाटते. बर्फ घट्ट होताना कडाडतो. भीती गप्प असला तर."

रशीदभाईंनी त्यानंतर बराच वेळ गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवली.

मॅडमचे वडील एसटीच्या डेपोत टायर बदलायचे. मॅडम नागपूरला भूगर्भशास्त्र शिकल्या, इकडे कोळशाच्या, मँगनीजच्या खदानी पालथ्या घातल्या आणि कुणीतरी सांगितलं म्हणून उत्तरेतल्या त्या कामासाठी अर्ज केला. तोवर त्यांनी बर्फ पाहिला होता तो रसवंतीतला. तिथे पोचल्या तेव्हा पापण्या एकमेकींना चिकटल्या. कॅम्पातल्या लोकांनी तोंडावरच सांगितलं की ही बाई महिनाभर टिकणार नाही.

"मग तुम्ही काय म्हटलं?" मी विचारलं.

"काय म्हणणार? दात वाजत होते."

तेव्हा तिथे खदान नव्हतीच. एक तळं होतं, आणि तळ्याच्या तळाशी हिऱ्याचा खडक असावा असा अंदाज. हा खडक म्हणजे फार जुन्या ज्वालामुखीची नळी, गाजरासारखी जमिनीत उतरत गेलेली. नळी खोलवर रुंद राहते की लगेच निमुळती होते, यावर खदान होणार की नाही हे ठरणार होतं. त्यासाठी गोठलेल्या तळ्यावर ड्रिल मशीन उभं करून खाली छिद्रं पाडायची. शेवटचं, सगळ्यांत खोल छिद्र चालू असताना रॉड अडकला. थंडी सरत आली होती. बर्फावर दुपारचं पाणी साचायला लागलं होतं. ड्रिलचा फोरमन, दाराएवढा माणूस, म्हणाला, मशीन उचला, पुढच्या हिवाळ्यात पाहू. पुढचा हिवाळा म्हणजे एक अख्खं वर्ष, आणि तोवर पैसेवाले थांबले नसते. काम तिथेच मेलं असतं.

मॅडम म्हणाल्या, मशीन चार हात बाजूला सरकवा, नवं छिद्र सुरू करा.

फोरमन म्हणाला, वेळ कुठे आहे?

"मी म्हटलं, ते मी बर्फाले विचारून सांगते."

त्या दिवसापासून रोज सकाळी त्या हाताच्या गिरमिटानं मशीनच्या चारी बाजूंनी बर्फाला भोकं पाडून जाडी मोजायला लागल्या आणि प्रत्येक भोकाशी लाल झेंडी रोवू लागल्या. त्यांनी फोरमनला सांगून ठेवलं होतं, जाडी पुरते तोवर मी कोणाला थांबू देणार नाही, आणि कमी पडली की कोणाला चालू ठेवू देणार नाही. हात सोलवटले. गिरमिटाच्या दांड्याला हातमोज्याचं कातडं चिकटून राही. शेवटी नवं छिद्र ठरलेल्या खोलीवर पोचलं. ड्रिलच्या नळीतून दगडाची कांडी बाहेर आली, काळपट हिरवी, आणि तिच्यात डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल कण. म्हणजे एवढ्या खोलवरही हिऱ्याचा खडक होता. फोरमननं मशीनचा भोंगा इतका वाजवला की स्वयंपाकी पळत बाहेर आला.

"मग अजून थोडं खाली जाऊ म्हणाले सगळे. नशा चढते ना माणसाले. मी सकाळची जाडी दाखवली. म्हटलं, उचला मशीन. आत्ता. खूप शिव्या दिल्या त्यांनी मले. पण उचललं."

"और हिरा?" रशीदभाई अधीर झाले होते. "हिरा कब दिखा?"

"हिरा कुठं दिसते? दगड दिसला. हिरा पाह्यला मी त्याच्या कितीतरी वर्षांनी, खदान चालू झाल्यावर. मिठाच्या खड्याएवढा होता. मनात म्हटलं, बापा, एवढ्यासाठी?"

रशीदभाईंना हे उत्तर अजिबात आवडलं नाही.

पण मॅडम ज्या गोष्टीला खदानीची खरी सुरुवात म्हणायच्या ती ही नव्हती. त्या मुलुखात मूळची राहणारी माणसं आहेत. शिकारीवर, मासळीवर जगत आलेली. कॅरिबू नावाचं सांबरासारखं जनावर हजारोंच्या कळपानं दर वर्षी त्याच वाटेनं जातं आणि ही माणसं त्याच्या वाटेवर आपलं वर्ष मोजतात. खदानीसाठी तळ्यात बांध घालून एक बाजू कोरडी करायची होती. त्याबद्दल बोलायला कंपनीची माणसं त्यांच्या गावी गेली. गावातल्या सभागृहात बैठक झाली. कंपनीचा एक साहेब नकाशे दाखवून बोलत होता आणि दुभाषी ते त्यांच्या बोलीत सांगत होता. सगळं झाल्यावर पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. तिनं विचारलं, तुमचं काम संपल्यावर या तळ्याचं पाणी माझ्या नातीला पिता येईल का?

साहेब म्हणाला, सरकारनं ठरवून दिलेल्या मर्यादेत राहील.

म्हातारीनं ते दुभाष्याकडून ऐकून घेतलं आणि सगळ्या साहेबांना सोडून मॅडमकडे बोट केलं. तू सांग. तू पिशील?

ही गोष्ट मॅडमनी आम्हाला रेल्वे फाटकाशी थांबलो असताना सांगितली. कोळशाची मालगाडी पुढून जात होती. ती गेली, फाटक उघडलं, तरी त्यांनी रशीदभाईंना हातानंच थांबवलं.

"माह्या आज्याले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "वरून कोणी ओंजळीत ओतलं तर प्यायचं, नाही तर तसंच परतायचं. दीक्षा घेतली त्यानंतर आज्यानं पयलं काम काय केलं, तं घरामागं स्वतःची विहीर खोदली. आमच्या घरात पाण्यावरून कोणी थट्टाही करत नाही. त्या बाईले मी 'हो' कसं म्हणू? मले माहीतच नव्हतं. मी म्हटलं, मले आज माहीत नाही. माहीत झालं की तुले येऊन सांगीन."

मागून हॉर्न वाजत होते. रशीदभाईंनी गाडी काढली.

साहेब लोक त्या उत्तरावर खवळले. भर सभेत 'माहीत नाही' म्हणतात का? पण शब्द देऊन झाला होता. मॅडमनी पाण्याचे, दगडाचे नमुने घ्यायला सुरुवात केली आणि कळलं की खदानीतून निघणारा एक प्रकारचा दगड उघड्यावर टाकला तर त्यातून पाझरणारं पाणी ओढ्यात उतरणार. दगडांचे ढीग कुठे टाकायचे ती जागा बदलावी लागली. नवी जागा कॅरिबूच्या वाटेत येते, हे त्याच म्हातारीनं सांगितलं. म्हणून पुन्हा बदलली. खदान एक हंगाम मागे पडली. मॅडमना कॅम्पात 'उशीरबाई' अशा अर्थाचं नाव पडलं. मग त्या एकट्या त्या गावी गेल्या. ओढ्याचं पाणी मी पिईन, पण काम चालू असेल तोवर खदानीच्या खड्ड्यातलं पिणार नाही आणि तूही नातीला पाजू नको, असं त्यांनी म्हातारीच्या घरात बसून सांगितलं.

"ती काय म्हणाली?"

"मासळी वाढली."

तिनं नंतर मॅडमना कातड्याचे, रंगीत मण्यांनी मढवलेले हातमोजे शिवून दिले. कळंबच्या ट्रंकेत ते पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले मी पाहिले. म्हातारी आई म्हणाली, "इथं कायले लागते हे? पण पोरगी देत नाई कोणाले."

मॅडम परत आल्या त्या आईसाठी. आणि आल्या आल्या आमच्या खदानीचा नकाशा हाती घेतला. नकाशाच्या दक्षिण टोकाला कोलाम आदिवासींचं एक पोड होतं, तीसेक घरांची वस्ती. जाहीर सुनावणी व्हायची होती. आमच्या मॅनेजरनी सुनावणीचा मंडप, खुर्च्या, नाश्ता सगळं ठरवून टाकलं होतं. मॅडमनी विचारलं, "पोडात जाऊन कोणी बोललं का?"

"मॅडम, सुनावणीत बोलूच ना. त्यांना मराठी समजते चांगली."

"कोणत्या बोलीत सांगणार?"

"मराठीत. बाजारात येतात की, सगळं बोलतात."

"बाजारापुरती समजते," मॅडम म्हणाल्या. "हा बाजार नाही."

अंगणवाडी चालवणाऱ्या लक्ष्मीबाई आत्राम त्याच पोडातल्या. मॅडम त्यांना जाऊन भेटल्या आणि दुभाषी व्हाल का विचारलं. लक्ष्मीबाईंनी आधी साफ नकार दिला. म्हणाल्या, "उद्या काई वंगाळ झालं तं लोक म्हणतीन, लक्ष्मीनंच सांगतलं होतं." मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. तुम्ही माझ्याकडून बोलू नका. मी बोलीन ते तसंच्या तसं तिकडं सांगा, अन् ते बोलतील ते तसंच्या तसं मले. शिवी देली तं शिवी." या बोलीवर लक्ष्मीबाई तयार झाल्या.

पहिल्या बैठकीला कोणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या बैठकीलाही नाही. मॅडम नुसत्या मोहाच्या झाडाखाली बसून आल्या. कोलामीतला एकच शब्द शिकल्या, 'ईर', म्हणजे पाणी. तिसऱ्या खेपेला पोडाचे म्हातारे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, म्हणाले, नकाशा आम्हाला कळत नाही, तू चालून दाखव. मग आम्ही चाललो. पुढे नाईक, मागे मॅडम, लक्ष्मीबाई, यंत्र खांद्यावर घेऊन मी आणि मागून निम्मं पोड. जिथे खदानीची कड येणार तिथे मी चुन्याची रेघ मारत होतो. एका नाल्याशी नाईक थांबले. उन्हाळ्यात पोडाचं पाणी इथल्या झऱ्याचं. त्याच्या वर झाडांच्या गर्दीत त्यांच्या देवाचं ठाणं. माझी चुन्याची रेघ दोन्हींच्या मधून जात होती.

मॅडमनी बुटाच्या टाचेनं ती रेघ पुसली. "राठोड, कड टेकडीच्या पलीकडे घ्या."

"मॅडम, सगळ्यात चांगला दगड याच बाजूला आहे."

"माहीत आहे. मीच शोधला तो."

वरच्या ऑफिसातले साहेब विमानानं नागपूरला आणि तिथून गाडीनं मुकुटबनला धावत आले. केबिनचं दार उघडंच होतं, त्यामुळे आम्ही सगळं ऐकलं. "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या आहात?"

"खदानीच्या," मॅडम म्हणाल्या. "मला खदान हवी आहे. म्हणून ती तिथून काढते आहे जिथून ती चालेल. झरा आटवून खदान सुरू केली तर रोज एक भांडण उकरून काढाल, दगड नाही."

"या नकाशावर दुसरं कोणीही सही करेल."

"करेल. मग सुनावणीच्या दिवशी मी माझी खुर्ची मंडपात पोडाच्या लोकांच्या बाजूला टाकून बसेन. मला बोलायला दुभाषी लागणार नाही."

साहेबांनी जुना नकाशा गुंडाळून ठेवला. मग त्यांनी चहा मागितला. मॅडमनी आपल्या थर्मासातला कोरा चहा दिला.

सुनावणी नव्या नकाशावर झाली. नाईक कोलामीत बोलले, सावकाश, थांबत थांबत. मंचावरच्या अधिकाऱ्यांना प्रत्येक वाक्यानंतर लक्ष्मीबाईंची वाट पाहावी लागली. काहींनी विरोध केला, काहींनी अटी घातल्या. खदान मंजूर झाली ती टेकडीच्या पलीकडे. सगळे आनंदले असं मात्र झालं नाही. सभा सुटल्यावर लक्ष्मीबाई मॅडमजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमी चांगलं केलं. पण खदान आलीच नसती तं अजून बरं झालं असतं."

मला वाटलं, आता मॅडम काहीतरी समजावतील. रोजगार, दवाखाना, रस्ता. त्या एवढंच म्हणाल्या, "हाव. मले समजते ते." आणि दोघी एकमेकींच्या शेजारी मंडपाच्या बांबूला टेकून, मंडपाचं सामान न्यायला ट्रक येईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

खदान सुरू झाली. झरा अजून वाहतो, मी उन्हाळ्यात जाऊन पाहिलाय. मॅडमचा करार मात्र कंपनीनं पुढे वाढवला नाही. निरोपाच्या दिवशी पेढे वाटले, भाषणं झाली आणि त्या कळंबला निघून गेल्या. माझीही बदली झाली.

मग एकदा यवतमाळहून नागपूरला जाताना कळंबला थांबलो. घरी म्हातारी एकटीच होती. म्हणाली, "गेली तिच्या डबऱ्यावर." गावाबाहेर गिट्टीची एक जुनी खदान आहे, कोणीतरी खोदून तशीच सोडून दिलेली. उभ्या कापलेल्या भिंती आणि मध्ये खोल हिरवं पाणी. दरसाल एखादं जनावर पडायचं आणि भिंत चढता न आल्यानं पोहून पोहून बुडायचं. मॅडमनी पंचायतीच्या मागे लागून भिंत कापून उतार करायला तिथे जेसीबी आणवला होता. मी चार पावलं मागेच थांबलो, कारण बोलण्यासारखी वेळ नव्हती. उपरणं बांधलेल्या मॅडम कडेवर उभ्या होत्या, आणि जेसीबीवाला मशीन बंद करून कपाळाला हात लावून बसला होता.

"मॅडम, झाला ना उतार! माणूस आरामात चढते आता."

"माणसाचं मी विचारलंच नाही. म्हैस चढली पाहिजे. अजून खाली घे."

"म्हैस कायले जाईन तिकडून?"

"तुले विचारून जाईन का ती?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. मग त्यानं मशीन सुरू केलं. बकेट वर उचलली गेली, मुरमात रुतली आणि मॅडम धुळीत एक पाऊल पुढे सरून हातानं दाखवायला लागल्या, आणखी, आणखी.